रांगेला पडलेले भोक

रुग्णालयाच्या मुख्य सर्व्हरला भोक पडलेले असून ते तातडीने बुजवणे आवश्यक आहे, ही गोष्ट संगणक विभागाच्या अधिकारी बाईंच्या लक्षात आली तेव्हा त्या आपल्या जागेवर दुपारचा डबा खात होत्या. या बाईंना सगळे रुग्णालय 'सर्व्हरबाई' म्हणत असे. त्यात आदर नव्हता आणि अनादरही नव्हता. सर्व्हर बंद पडला की लोकांना त्यांची आठवण येई आणि चालू असला की येत नसे, एवढाच त्याचा अर्थ.

शहरात मोठे सार्वजनिक रुग्णालय हे एकच. कोणाचे ऑपरेशन कधी, कोणाची तपासणी कोणत्या दिवशी, कोणाच्या आधी कोण, हे सगळे तळघरातल्या त्या सर्व्हरवर ठरत असे. त्यावर चालणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, एक चूक सापडल्याचे ती सिस्टीम लिहिणाऱ्या मंडळींनीच त्या दिवशी जगजाहीर केले होते.

चूक म्हणाल तर अगदी साधी होती. नेटवर्कवरची सगळी ये-जा छोट्या छोट्या पॅकेटांतून होते आणि ही पॅकेटे कर्नलमध्ये शिस्तीत रांग लावून उभी असतात. मोठ्या रांगेच्या पोटात लहान रांगा असतात. लहान रांगेतले एखादे पॅकेट मध्येच गळाले, तर तिने मोठ्या रांगेला तसे कळवायचे, असा रिवाज. एका विशिष्ट प्रसंगी लहान रांग हे कळवायला विसरत होती. मग मोठी रांग जिथे आता कोणीच उभे नाही अशा जागेकडे बघून 'चला, पुढचे' म्हणत असे. त्या रिकाम्या जागी कोणी मुद्दाम आपले काही आणून उभे केले, तर कर्नल त्याला घरचेच समजून आत घेई. आणि असा आत गेलेला पाहुणा मग पाहुणा राहत नसे. तो मालक होई.

चुकीबरोबर दुरुस्तीही प्रसिद्ध झालेली होती. ती इंटरनेटवरून उतरवून घ्यायची आणि सर्व्हर एकदा बंद करून पुन्हा चालू करायचा. चहा उकळून गाळेपर्यंतचे काम.

सर्व्हरबाई अर्धा डबा तसाच ठेवून संचालकांकडे गेल्या.

येथे रुग्णालयाच्या दर्शनी फलकाविषयी सांगणे भाग आहे. प्रवेशद्वारावर विजेचा एक भला मोठा फलक होता आणि सर्व्हर किती दिवस न थांबता चालू आहे, हे त्यावर लाल आकड्यांत झळकत असे. किती रुग्ण बरे झाले याचाही फलक लावावा, अशी सूचना मागे एकदा आली होती. पण तो आकडा रोज वाढेलच याची हमी कोणी देईना, म्हणून ती मागे पडली. सर्व्हरच्या आकड्याला मात्र वर्षअखेरीस 'अखंड सेवा सन्मान' मिळणार असे आतून कळले होते, आणि संचालकांनी समारंभासाठी कोट शिवायला टाकला होता.

"बंद म्हणजे किती वेळ?" संचालकांनी विचारले.

"एक चहा होईपर्यंत, सर. फार तर दोन."

"आणि आकडा?"

"कुठला?"

"बाहेरचा."

"तो शून्यावर येईल. मग पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल."

संचालकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "म्हणजे बाई, आजवर कधीही बंद न पडलेली गोष्ट, ती पुढे बंद पडू नये म्हणून, आपण होऊन बंद करायची. असंच ना?"

"हो, सर."

"हे वाक्य तुम्ही बाहेर जाऊन एकदा मनातल्या मनात म्हणून बघा. मी तोवर समिती नेमतो."

समिती नेमली गेली. सर्व्हरबाईंनी आपल्या टिपणात 'भोक' असा शब्द वापरला होता. जनसंपर्क अधिकाऱ्यांनी त्यास हरकत घेतली. भोक म्हटले की लोकांच्या मनात भोकच येते, असे त्यांचे म्हणणे पडले. त्यामुळे समितीचे नाव 'अतिरिक्त प्रवेश-शक्यता मूल्यमापन समिती' असे ठरले. संचालक अध्यक्ष, जनसंपर्क अधिकारी आणि विधी सल्लागार सदस्य. सर्व्हरबाई निमंत्रित होत्या, म्हणजे त्यांना मत नव्हते आणि खुर्ची दारापाशी होती.

विधी सल्लागारांनी थेट मुद्द्याला हात घातला. "हे जे काही आहे, ते आपण पाडलं का?"

"नाही," सर्व्हरबाई म्हणाल्या.

"आपण मागवलं होतं?"

"नाही. सिस्टीमबरोबरच आलं."

"म्हणजे तो मूळ मालाचाच भाग झाला. मूळ मालात फेरफार केला, तर पुढची जबाबदारी आपल्यावर येते. दुसरं, आपण ते बुजवलं, तर ते होतं असं मान्य केल्यासारखं होतं. आणि होतं, तर मग इतके दिवस तुम्ही काय करत होतात, असं कोणीही विचारेल. न बुजवल्यास यातला एकही प्रश्न उपस्थित होत नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. जनसंपर्क अधिकाऱ्यांनी तरीही एक शंका काढली. "या शक्यतेतून आत कोण येऊ शकतं? रस्त्यावरचा कोणीही?"

"तसं नाही. सर्व्हरवर ज्याचं खातं आहे, ज्याला लॉगिन आहे, तोच. सध्या तशी मोजकीच माणसं आहेत."

हे वाक्य आपण बोलायला नको होते, असे सर्व्हरबाईंना पुढे बऱ्याचदा वाटले. कारण ते ऐकताच संचालकांचा चेहरा उजळला.

"म्हणजे आपलीच माणसं. अहो, मग हा प्रश्न संगणकाचा नाहीच. प्रामाणिकपणाचा आहे."

ठराव झाला की, प्रमुख शल्यविशारदांपासून लिफ्टवाल्यापर्यंत प्रत्येकाने 'मी सर्व्हरमध्ये गैरमार्गाने शिरणार नाही' अशी शपथ घ्यावी. कागदावरच्या शपथा ठेवायला कपाट रिकामे नव्हते, म्हणून त्या संगणकावर घ्यायच्या ठरल्या. संगणकावर शपथ घ्यायची तर प्रत्येकाचे सर्व्हरवर खाते हवे. सर्व्हरबाईंनी विरोध केला. त्यांचा विरोध इतिवृत्तात 'चर्चा झाली' या शब्दांत नोंदवण्यात आला. आठवडाभरात झाडूवाले, धुलाईवाले आणि उपाहारगृहातले वाढपी धरून झाडून सगळ्यांना खाती मिळाली. सोयीसाठी सर्वांचा पासवर्ड एकच ठेवला होता: 'प्रामाणिक'. तो नंतर बदलून घ्यावा अशी सूचना सर्वांना पाठवण्यात आली, आणि सर्वांनी ती न वाचता पुसून टाकली.

जिथे आत शिरू शकणारी माणसे बोटांवर मोजण्याइतकी होती, तिथे आता ती सभागृहात मावेनात. सगळे शपथबद्ध असल्यामुळे धोका पूर्णतः आटोक्यात आला, असे समितीने अहवालात नमूद केले आणि स्वतःला मुदतवाढ दिली.

सर्व्हरबाई आपल्या वडिलांजवळ राहत. वडील बससेवेत तिकीट तपासनीस होते, आता निवृत्त. खुब्याचे हाड झिजल्यामुळे दुसऱ्या मजल्यावरून त्यांना खाली उतरवेना, आणि खुबा बदलण्याची तारीख मिळाली होती ती पुढच्या वर्षातली. नोकरीत असताना त्यांनी एकदा सख्ख्या मेहुण्याला विनातिकीट पकडून दंड केला होता. ही हकीगत ते घरातल्या प्रत्येक समारंभात सांगत. मेहुणा हजर असला तर जास्त तपशिलाने सांगत.

"रांग म्हणजे रांग," ते मुलीला म्हणत. "मी थांबेन. आपल्या घरातलं माणूस तिथे आहे म्हणून तू काही शब्द टाकायचा नाहीस."

"मी कशाला टाकतेय, बाबा."

"टाकायचा नाहीस म्हणून सांगतोय," असे म्हणून ते खुर्चीत तिरके होऊन बसत, कारण त्यांना सरळ बसवत नसे.

एका सकाळी सर्व्हरबाईंना दिसले की सर्व्हरला आपल्याखेरीज दुसराही एक मालक आहे. तो उपाहारगृहातल्या एका वाढप्याच्या खात्यावरून आला होता. वाढप्याने तर शपथ घेतल्यापासून संगणकाला हातही लावलेला नव्हता. पासवर्ड अर्थातच 'प्रामाणिक'. बाईंनी त्याला हुसकले. दुपारी तो भूलतज्ज्ञांच्या खात्यावरून परत आला. पुन्हा हुसकले, तर धुलाईवाल्याच्या खात्यावरून. खाती अमाप होती आणि कोणत्याही खात्यापासून भोकापर्यंत वाट सरळ होती. दारे लावून काही होणार नव्हते.

या माणसाने कशाची मोडतोड केली नाही. त्याने फक्त तारखा हलवल्या. एका शिंप्याचे हर्नियाचे ऑपरेशन सहा महिन्यांवरून पुढच्या सोमवारवर आले. शिंप्याला वाटले, देवच पावला. मग ज्यांच्या ज्यांच्या तारखा लांबच्या होत्या, त्यांच्या फोनवर एक संदेश आला: 'तारीख अलीकडे हवी असल्यास कळवावे. पैसे नकोत. आपला कोणताही एक पासवर्ड पाठवावा. आपला, आतला.'

शहराला हा माणूस पाहता पाहता आवडू लागला.

"पैशाला शिवत नाही," लोक केशकर्तनालयात बोलत. "आजच्या काळात असा माणूस दाखवा मला."

"आणि मागून मागतो काय, तर पासवर्ड. तो काय झिजतो? नाहीतरी आमचा सगळीकडे एकच आहे."

सर्व्हरबाई पुन्हा संचालकांकडे गेल्या. जनसंपर्क अधिकारी तिथेच बसले होते.

"सर, आत कोणीतरी शिरलंय."

"सेवा चालू आहे?"

"चालू आहे, पण तारखा..."

"आकडा?"

"वाढतोय."

"मग?"

जनसंपर्क अधिकाऱ्यांनी हातातला कागद पाहत सांगितले की, 'तारीख फार उशिराची मिळाली' या स्वरूपाच्या तक्रारी जवळजवळ बंद झाल्या आहेत.

"कारण लोक आता तक्रार त्याच्याकडे करतात," सर्व्हरबाई म्हणाल्या.

"म्हणजे आपला तेवढा भार हलका झाला," संचालक म्हणाले. मग थोडे खाकरले. "आमच्या सासूबाईंचं पित्ताशयाचं होतं. त्या परस्परच त्याच्याशी बोलल्या. मी मध्ये पडलो नाही, हे मुद्दाम सांगतो."

"त्यांनी पासवर्ड कोणता दिला, सर?"

"घरच्या वायफायचा, म्हणाल्या." संचालकांनी खिडकीबाहेर पाहिले. "ऑफिसलाही मी तोच ठेवलाय," ते म्हणाले, "लक्षात राहावा म्हणून."

त्या दिवसापासून आतल्याला रुग्णालयाच्या कोणत्याही कामासाठी भोकाची गरज उरली नाही. तरी तो भोकातूनच येई. सवयीचा प्रश्न असावा.

बातमी बाहेर फुटली तेव्हा शहरात संतापाची लाट उसळली. स्थानिक दैनिकाच्या संपादकांनी रांगेचे पावित्र्य या विषयावर जळजळीत अग्रलेख लिहिला आणि तो क्रमशः असल्याचे जाहीर केले. तो लिहिताना त्यांना मुतखड्याने हैराण केले होते. दुसरा भाग आला नाही, कारण दरम्यान खडा निघाला होता. नागरिक चौकात उभे राहून हा काय प्रकार आहे असे एकमेकांना विचारत, आणि निघताना आवाज उतरवून 'त्याचा नंबर आहे का तुमच्याकडे?' असेही विचारत.

सगळ्यांनीच पासवर्ड दिले तेव्हा एक अडचण उभी राहिली. सगळेच पुढे आल्यामुळे कोणीच पुढे आले नाही. त्यावर आतल्याने दोन पासवर्डांची पद्धत काढली, आणि स्वतःचे संपल्यास नातेवाइकांचे चालतील अशी सवलत दिली. एका घरात नणंदेने भावजयीचा पासवर्ड देऊन टाकला. भावजय चार दिवस धुमसत होती. तिचा राग पासवर्ड दिल्याबद्दल नव्हता. तो पासवर्ड तिने आपल्या गुडघ्यासाठी राखून ठेवला होता.

पुढच्या आठवड्यातल्या जागा भरल्या, मग उद्याच्या, मग आजच्या. आतल्याने तरीही कोणाला नाही म्हटले नाही. तो कालच्या तारखा देऊ लागला. एका निवृत्त मुख्याध्यापकांना शुक्रवारी संदेश आला की, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी गेल्या मंगळवारी सकाळी हजर राहावे. ते रुग्णालयातल्या तारखांच्या खिडकीवर गेले. खिडकीवरच्या कारकुनाने संगणकात पाहून सांगितले की, त्यांच्या नावापुढे 'गैरहजर' आहे.

"पण मला कळलंच आज."

"ते बरोबर आहे," कारकून म्हणाला. "पण तुम्ही मंगळवारी आला नाहीत, हेही बरोबर आहे."

मुख्याध्यापक दोन्ही डोळ्यांनी अंधूक पाहत घरी गेले आणि आपला नंबर साऱ्या आळीत सर्वांत आधी लागला होता, असे शेजाऱ्यांना अभिमानाने सांगितले.

एवढे झाल्यावर समितीला तत्त्वतः मान्य करावे लागले की शक्यता बुजवली पाहिजे. निर्णय लोकांवर लादला असे होऊ नये, म्हणून हरकती आणि सूचना मागवण्यात आल्या. अक्षरशः पोती भरून उत्तरे आली. विधी सल्लागारांनी ती चाळली आणि बैठकीत सांगितले की, विरोध एकाचाही नाही. संपूर्ण शहर बुजवण्याच्या बाजूने ठाम उभे आहे. प्रत्येकाची सूचना एवढीच आहे की, बुजवावे, जरूर बुजवावे, पण आमचे झाल्यावर.

लोकभावनेचा मान राखून दुरुस्तीला तारीख देण्यात आली. रांगेतला शेवटचा माणूस संपल्याच्या दुसऱ्या दिवशी. रांग रोज वाढत होती.

त्या सुमारास सर्व्हरबाईंना यादीत वडिलांचे नाव पुढच्या वर्षातून उडी मारून येत्या गुरुवारी आलेले दिसले. जेवायला बसल्यावर त्यांनी विषय काढला.

"बाबा, तुमची तारीख गुरुवारची दाखवतेय."

वडिलांनी ताटातून वर पाहिले नाही. "असेल."

"कोणता पासवर्ड दिलात?"

"तुझ्या आईच्या मेलचा." ते घास हातात धरून थांबले. "ती काय आता वापरणार आहे."

आईला जाऊन तीन वर्षे झाली होती. तिचे खाते दोघांपैकी कोणीच बंद केले नव्हते.

"तुम्ही मामाला दंड केला होता, बाबा."

"तेव्हा माझा पाय धड होता."

त्यांनी हातातला घास परत ताटात ठेवला. मग वडील जरा चढ्या स्वरात म्हणाले, "ते बुजवायलाच हवं. मी कुठे नको म्हणतोय? त्या माणसाची मला अशी चीड येते म्हणून सांगू. रांगेत घुसणाऱ्यांना मी जन्मभर बसमधून खाली उतरवलंय. तू बुजवच. फक्त गुरुवारनंतर बुजव."

पलंगावरून उठताना वडील कसे भिंतीला धरतात, पाय टेकताना तोंडातून आवाज निघू नये म्हणून कसे खोकतात, हे सर्व्हरबाई रोज पाहत होत्या. गुरुवार काही लांब नव्हता. इतके दिवस गेले तिथे आणखी थोडे, असा विचार त्यांच्या मनात आला, आणि अगदी असाच विचार समितीतही सगळ्यांच्या मनात आला असणार, हेही त्यांना कळले. तरी त्यांनी थांबायचे ठरवले.

बुधवारी तारखांच्या खिडकीवरचा प्रिंटर अडकला म्हणून त्यांना वर बोलावणे आले. त्या खाली वाकून अडकलेला कागद ओढत असताना खिडकीपलीकडे एक बाई उभ्या होत्या. खानावळीत भांडी घासत असाव्यात. हाताची बोटे पाण्याने पांढरी पडलेली होती. गळ्याला रुमाल बांधलेला होता आणि त्याखालची गाठ रुमालाला दाद देत नव्हती.

"मावशी, तुमची तारीख परत पुढे गेली," कारकून म्हणाला.

"किती वेळा पुढं जाणार? पहिल्यांदा आले तेव्हा पंधरा दिवसांनी या म्हणालात."

कारकून मनाने वाईट नव्हता. त्याने आजूबाजूला पाहिले आणि हळूच विचारले, "तुमच्याकडे पासवर्ड आहे का एखादा?"

"तो कुठं मिळतो?"

"मिळत नाही. असावा लागतो."

"मग आधी सांगायचं ना. इतक्या खेपा घातल्या मी. काय कागद लागतात त्याला? करून घेते." कारकून नुसताच संगणकात पाहू लागला, तेव्हा त्यांनी प्रिंटरमागे वाकलेल्या सर्व्हरबाईंकडे पाहिले. "बाई, तुमच्याकडं आहे का एखादा जुना? काम झालं की आणून देते."

सर्व्हरबाईंनी प्रिंटरचे झाकण उघडेच टाकले आणि त्या जिना उतरून तळघरात गेल्या. परवानगी कोणाची घेतली नाही. दुरुस्ती उतरवलेली पहिल्या दिवसापासून तयारच होती. त्यांनी ती लावली, सर्व्हर बंद केला, तो थंडपणे गप्प झालेला ऐकला आणि पुन्हा चालू केला. मग आतला येण्यापूर्वीची जपून ठेवलेली रांग काढून ती होती तशी परत मांडली, संचालकांच्या खात्यासह सगळ्यांचे पासवर्ड रद्द केले आणि खुर्चीत बसून राहिल्या. खुब्याच्या यादीत गुरुवारच्या पानावर आता दुसरेच नाव होते. ते त्यांनी वाचले आणि संगणकाचा पडदा बंद केला.

दर्शनी फलकावर शून्य उमटले.

त्यानंतर आतला आला नाही. तो कोण होता हे आजतागायत कोणाला कळलेले नाही. आले ते नागरिक. तारखा परत लांबणीवर गेल्याचे संदेश फोनवर पोचताच माणसे धावत रुग्णालयावर आली, आणि 'आमच्या हक्काच्या तारखा परत द्या' असे म्हणू लागली. जिने सर्व्हर बंद केला ती बाई कोण, असे विचारण्यात येऊ लागले. ते सांगायला जनसंपर्क अधिकाऱ्यांनी वेळ लावला नाही.

समितीची अखेरची बैठक झाली. पहिल्या ठरावाने, धोकादायक त्रुटी तत्परतेने बुजवल्याबद्दल संस्थेने स्वतःचे अभिनंदन केले आणि 'तत्पर सुरक्षा सन्मान' या नव्या विभागात आपले नाव पाठवले. दुसऱ्या ठरावाने, विनापरवानगी सर्व्हर बंद केल्याबद्दल सर्व्हरबाईंना निलंबित केले. दोन्ही ठरावांत विसंगती आहे का, असे संचालकांनी खबरदारी म्हणून विचारून घेतले.

"अजिबात नाही," विधी सल्लागार म्हणाले. "बुजवणं संस्थेचं आहे. बंद करणं त्यांचं."

सन्मान मिळाला. संचालकांचा कोट खांद्यात जरा तंग झाला होता, पण फोटोत ते कळत नाही. फलकावर आता 'एकही घुसखोरी न होता गेलेले दिवस' झळकतात आणि तो आकडा पुन्हा वाढू लागला आहे.

गळ्याला रुमाल बांधलेल्या मावशींचे ऑपरेशन झाले. त्यांना यातले काही ठाऊक नाही. पासवर्डाची अट रुग्णालयाने गरिबांना माफ केली, असा त्यांचा समज आहे, आणि त्या तसे खानावळीत सगळ्यांना सांगतात.

शहराचे पासवर्ड मात्र आतल्याकडेच आहेत. ते बदलून घ्या, असे सर्व्हरबाईंनी निलंबनाच्या दिवशीही खिडकीशी थांबून प्रत्येकाला सांगितले. 'आता भोक बुजवलंत ना, मग कशाला?' असे लोक म्हणाले. घरी आल्यावर त्यांनी आईचे खाते उघडले. त्यात जुन्या भिशीच्या मैत्रिणींचे शुभेच्छासंदेश होते आणि कोणी न वाचलेल्या जाहिराती होत्या. त्यांनी खाते बंद केले नाही. नवा पासवर्ड घातला आणि तो वडिलांना सांगितला नाही.

वडील काही दिवस बोलले नाहीत. मग बोलू लागले, कारण घरात दुसरे कोणी नव्हते. आता दारावर कोणी आले की ते भिंतीला धरत धरत उठतात आणि सांगतात, "हीच माझी मुलगी. सख्ख्या बापाला रांगेत मागे पाठवलं हिने." यात तक्रार किती आणि अभिमान किती, हे ऐकणाऱ्याला उमगत नाही. मेहुण्याची हकीगत त्यांनी सांगायची सोडून दिली आहे.

लोक येतात, ते सर्व्हरबाईंचे कौतुक करायला. तुम्ही केलंत ते योग्यच केलंत, कोणीतरी ठाम राहायला हवं होतं, असे सगळेच म्हणतात. परवा याच इमारतीतले एक गृहस्थ आले होते. वाचनाची आवड असलेले, चार चांगल्या गोष्टी माहीत असलेले. त्यांनी हट्टाने सगळी हकीगत पहिल्यापासून ऐकली. शपथेचे ऐकून हसले, संचालकांच्या सासूबाईंचे ऐकून तर डोळे पुसेपर्यंत हसले, आणि लोक कसे असतात पाहा, असे दोनदा म्हणाले. निघताना दारात थांबून चपला घालता घालता त्यांनी आवाज खाली आणला.

"तुमच्या काही कानावर असलं तर... तो आतला हल्ली कुठे असतो?"

"मला माहीत नाही," सर्व्हरबाई म्हणाल्या.

"नाही, घाई नाही काही. बायकोच्या पाठीचं आहे." त्यांनी खिशातून घडी घातलेली चिठ्ठी काढली, तिच्याकडे पाहिले आणि पुन्हा खिशात ठेवली. "मी आपला पासवर्ड लिहूनच आणला होता."

ते गृहस्थ आत्ता ही कथा वाचत आहेत, आणि इथपर्यंत हसत आले आहेत.